दोन नाकांचा नियम

"पाच वर्षांची दोन करा, पन सातवं कलम काढून टाका," युनियनचे अध्यक्ष तुळशीराम भोईर म्हणाले, आणि टेबलाच्या अलीकडे बसलेल्या बाकीच्या सहा जणांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

पलीकडे एचआरचे प्रमुख नंदकुमार सबनीस लिहिता लिहिता थांबले. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "तुळशीरामजी, हे युनियनच्या कमिटीचं म्हणणं समजू?"

"माजं म्हननं समजा. कमिटीशी मी बोल्तो."

"मग गुरुवारी भेटू," सबनीस म्हणाले आणि फाइल बंद केली. इतक्या चटकन बंद केली की टेबलाच्या टोकाला बसलेल्या पूर्वी मढवीला ते बरं वाटलं नाही. घासाघीस करणारा माणूस समोरून तीन वर्षं फुकट मिळाल्यावर जरा तरी दचकतो. सबनीस दचकले नव्हते. ते थांबले होते, एवढंच.

वाटाघाटींची ही नववी बैठक. मागच्या आठ बैठका युनियन एकाच वाक्यासाठी भांडत आली होती: करार झाल्यापासून पाच वर्षं एकाही कायम कामगाराला कमी केलं जाणार नाही. तुर्भ्याच्या या कारखान्यात साबणात आणि कपडे धुण्याच्या पावडरीत घालायचे सुगंध तयार होत. कंपनीचं मुख्यालय युरोपात. वर्षभरापूर्वी कंपनीने गुजरातेत याच मालाचा दुसरा, दुप्पट मोठा कारखाना काढला आणि तेव्हापासून इथली एकशे चाळीस माणसं नोकरीच्या काळजीत होती. कंपनी म्हणे, हमी देऊ, पण आम्हाला लवचिकता हवी. ज्याला जिथे लावू तिथे त्याने काम करायचं, ‘हे माझं काम नाही’ हे वाक्य बंद. युनियन कुरकुरत का होईना, त्याला तयार झाली होती. पाच वर्षं हातातोंडाशी आली होती आणि नेमक्या त्याच वेळी, कुणाला न विचारता, अध्यक्षांनी त्यातली तीन परत देऊन टाकली.

गेटबाहेरच्या टपरीवर कमिटीचा सेक्रेटरी धनेश चहाचा ग्लास हातात धरून नुसता फिरवत राहिला. धनेश बॉयलरवर होता. बॉयलरवरची माणसं आवाज चढवूनच बोलतात, पण आज तो हळू बोलत होता.

"विकला गेला म्हातारा. दुसरं काय?"

"कशावरून?" पूर्वीने विचारलं.

"कशावरून म्हंजे? तू होतीस ना तिथं? सेटिंग आहे ही. रिटायरमेंटला चार वर्षं राहिलीत त्याची. दोन वर्षांची हमी आणि वर काहीतरी. मुलाला गाडीचं कंत्राट मिळालं असेल, बघ."

"मुलगा दुबईत आहे त्यांचा."

"मग सुनेला मिळालं असेल. मला काय माहीत? तू सायन्सवाली आहेस, तू शोध."

धनेश टोमणा मारत होता. पूर्वीच्या मात्र ते डोक्यात बसलं. ती कोपरखैरण्याची, बीएस्सी केमिस्ट्री, प्रयोगशाळेत विश्लेषक. प्रयोगशाळेतून कमिटीवर निवडून आलेली ती पहिलीच, आणि बाईही पहिलीच. कमिटीसाठी तिला उभं केलं ते तुळशीरामकाकांनीच. "आपल्याकडं ओरडनारे लई हायेत, मोजनारं कोन नाय," असं ते तेव्हा म्हणाले होते.

त्या रात्री तिने सातवं कलम परत वाचलं. दरवर्षी प्रत्येक कामगाराची वासाची चाचणी होईल. नापास होईल त्याचं नाव राखीव यादीत जाईल. आणि खाली, बारीक अक्षरात: नोकरीची हमी राखीव यादीतल्या कामगारांना लागू नाही. म्हणजे पुढच्या दाराने दिलेली हमी मागच्या दाराने काढून घ्यायची सोय. कलम वाईट होतं, यात शंका नव्हती. पण मग काकांनी हेच बैठकीत का म्हटलं नाही? एका वाक्यात सांगता आलं असतं. ते न सांगता माणूस तीन वर्षं देऊन मोकळा होतो, तेव्हा त्याला कलमातलं दुसरंच काहीतरी टोचत असतं.

शनिवारी सबनीसांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. चहा आला, बिस्किटं आली.

"पूर्वी मॅडम, कमिटीत वाचून येणारी माणसं कमी असतात. तुम्ही वाचून येता."

पूर्वीने चहाचा कप पुढे ओढला.

"सातव्या कलमाला अध्यक्षांचा एवढा विरोध का, मला खरंच समजत नाही. वासाचं रजिस्टर तुमच्याच लॅबमध्ये असतं ना? तुम्हाला आकड्यांची आवड आहे. बघा कधी वेळ मिळाला तर."

"काय बघू?"

"मी काय सांगणार? मी कॉमर्सचा माणूस," सबनीस हसले. "बाकी लॅबच्या जागांचं टेन्शन घेऊ नका. चांगल्या माणसांना कंपनी सोडत नाही."

जिना उतरताना पूर्वीला जिभेवर चहाची साखर चिकटल्यासारखी वाटत होती. रजिस्टरमध्ये काय आहे ते या माणसाला ठाऊक आहे, किंवा ठाऊक असल्याचा संशय आहे आणि खात्री माझ्या हातून करून घ्यायची आहे. तिसरी शक्यता अशी, की त्यात काहीच नाही आणि मी आणि काका एकमेकांकडे वाकडं बघायला लागावं, एवढंच त्याला हवं आहे. तीनही शक्यतांमध्ये रजिस्टर उघडणं म्हणजे त्याचं काम करणं होतं. तिने ते उघडलं. न उघडता राहणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

पावडर विभागात एक जुना नियम होता. तयार झालेला घाणा, म्हणजे एका वेळी मिसळलेला माल, पुढे पाठवण्याआधी दोन माणसांनी त्याचा वास घ्यायचा, कागदाच्या पातळ पट्टीवर, एकमेकांशी न बोलता, आणि आपापल्या रकान्यात ‘बरा’ किंवा ‘चूक’ लिहून सही करायची. दोन नाकांचा नियम, असंच त्याला सगळे म्हणत. मग नमुना प्रयोगशाळेत येई आणि तिथलं यंत्र त्यात कुठला घटक किती आहे ते सांगे. यंत्राला चार तास लागत, नाकाला चार सेकंद. नाकं चुकली तर यंत्र पकडी आणि घाणा दुरुस्तीसाठी विभागात परत जाई. खराब माल बाहेर जात नसे. चार तास वाया जात, एवढंच.

पूर्वीने दोन वर्षांच्या नोंदी काढल्या. पहिलं नाक आणि दुसरं नाक, शेजारी यंत्राचा निकाल. तुळशीराम विभागातले सगळ्यात जुने, त्यांची सही नेहमी दुसऱ्या रकान्यात. पहिल्या रकान्यात बहुतेक वेळा गोजराताईंची. ताई सुट्टीवर असल्या की जयप्रकाशची.

गोजराताईंचं नाक भारी होतं, याबद्दल विभागात दुमत नव्हतं. लिंबाचा घटक दोन टक्के कमी असला तरी त्या पकडत. फक्त एका ठिकाणी त्या चुकत होत्या. कस्तुरी. खरी नव्हे, कारखान्यात बनवलेली. दोन वर्षांत नऊ घाण्यांत कस्तुरी कमी पडली होती किंवा मुळीच घातली गेली नव्हती, आणि नऊच्या नऊ वेळा ताईंनी ‘बरा’ लिहिलं होतं. पूर्वीला याचं नवल वाटलं नाही. काही माणसांना जन्मतः एखादाच वास येत नाही, बाकीचे सगळे येतात. कस्तुरीच्या बाबतीत हे बरंच आढळतं, तिने कॉलेजात वाचलं होतं. डोळ्यांना एखादा रंग न दिसावा, तसं. त्या माणसाला स्वतःला याचा पत्ताही नसतो.

नवल पुढच्या रकान्यात होतं. त्याच नऊ वेळा तुळशीरामांनीही ‘बरा’ लिहिलं होतं.

दोन माणसं, दोघांनाही नेमका तोच वास येत नाही. होऊ शकतं. तिने जयप्रकाशच्या पाळ्या काढल्या. जयप्रकाश पहिलं नाक असताना कस्तुरी चार वेळा बिघडली होती. चारही वेळा जयप्रकाशने ‘चूक’ लिहिलं. चारही वेळा तुळशीरामांनीही.

पूर्वी खुर्चीत मागे रेलली. जयप्रकाशशेजारी बसलं की कस्तुरी येते आणि गोजराताईंशेजारी बसलं की येत नाही, असं नाक जगात नसतं. हे नाकच नव्हतं. हा माणूस दोन वर्षं, कदाचित त्याहूनही जास्त, शेजारच्याचं उत्तर लिहीत होता.

तिने रजिस्टर कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली नेहमीच्या खिळ्याला न अडकवता पर्समध्ये टाकली.

रविवारी सकाळी ती घणसोली गावात तुळशीरामांच्या घरी गेली. खाली ते राहत, वरचे तीन मजले भाडेकरूंना. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या घरातली फोडणी यांच्या स्वयंपाकघरात यायची. दारात बायजाकाकू बोंबील उन्हात टाकत होत्या.

"ये गो. कोपरखैरन्याशी आलीस? च्या ठेवतंय."

तुळशीराम बनियनवर बसले होते. पूर्वीने कागद पुढे केला. त्यावर नाव नव्हतं, फक्त दोन कोष्टकं: नऊपैकी नऊ, चारपैकी चार. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरून वाचला. मग घडी घातली आणि परत तिच्या हातात दिला.

"सायबानं सांगितलं बघायला?"

"त्यांनी सुचवलं. बघितलं मी माझ्या मनाने."

"मंग आता जाऊन त्याला दे."

"त्यांना द्यायचं असतं तर इथे कशाला आले असते, काका?"

बायजाकाकू चहा ठेवून गेल्या. तुळशीरामांनी कपाला हात लावला नाही.

"करोनात गेला वास," ते म्हणाले. "सगल्यांचा परत आला, माजा नाय आला. पयले दोन महिने वाटलं, येल. मंग लाज वाटाय लागली. गोजराला बोल्लो. ती बोल्ली, दादा, टेन्शन नका घेऊ. ती पट्टी ठेवते ना, तवा टोक दुमडून ठेवते. उजवीकडं दुमडलं तर बरा, डावीकडं तर चूक. मंग जयप्रकाशला सांगितलं, मंग बाकीच्यांना. सा जन हायेत."

"सहा जण," पूर्वी म्हणाली. "खोट्या नोंदी. चौकशी लागली तर सहाच्या सहा जातील."

"म्हनून तर बोल्लो, कलम काढा. एक चाचनी झाली की मी उघडा पडनार. मी पडलो की इचारनार, चार वर्षं मंग कोनाचं नाक वापरत होतास? गोजराच्या घरी कमावनारं दुसरं कोन नाय. पोरगी शिकते तिची."

"आणि तिच्यासाठी तुम्ही एकशे चाळीस माणसांची तीन वर्षं दिलीत."

"व्हय."

"तिच्यासाठी, की स्वतःसाठी?"

"दोनी," तुळशीराम म्हणाले.

उत्तर प्रामाणिक वाटत होतं. प्रामाणिक वाटणारी उत्तरं पूर्वीला मोजता येत नसत, म्हणून ती त्यांच्यावर लगेच विश्वासही ठेवत नसे. पण भांडायला तिच्याकडे चारच दिवस होते.

"काका, कंपनीला लवचिकता हवीय ना? कुणालाही कुठेही लावायची?"

"तीच तर पायजे त्यांना."

"मग ती दोन्हीकडून घ्यायची. त्यांना सांगू, तुम्हाला आम्हाला कुठेही लावता येतं, तर ज्याला एक काम जमत नाही त्याला दुसरीकडे लावा. त्याच श्रेणीत, त्याच पगारावर. राखीव यादी कशाला हवी? आपण म्हणू, चाचणी घ्या. नापास झालेला माणूस दुसऱ्या विभागात जाईल, घरी नाही. आणि पाच वर्षांची पाचच राहतील."

तुळशीरामांनी चहा उचलला. "आनि मागच्या सह्यांचं?"

"मागच्या नोंदींवरून कुणावर कारवाई नाही, असं एक वाक्य मागू."

"मंग साहेब इचारील ना, हे वाक्य कशापायी?"

पूर्वीने कागदाची घडी पर्समध्ये टाकली.

गुरुवारी सकाळी बैठकीआधी कमिटीला फक्त नवा मसुदा दाखवला. धनेशने तो दोनदा वाचला. "मस्त आहे. पण शेवटचं वाक्य कशाला? मागच्या नोंदींत काय आहे?"

"सगळ्यांचंच काही ना काही असतं," पूर्वी म्हणाली. धनेशने तिच्याकडे पाहिलं, मग अध्यक्षांकडे, आणि पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

सबनीसांनी मसुदा शांतपणे वाचला. लवचिकता दोन्हीकडून, ठीक. राखीव यादी रद्द, यावर मुख्यालयाशी बोलावं लागेल, पण ठीक. पाच वर्षं, ठीक. मग शेवटच्या ओळीवर त्यांचं पेन टेकलं.

"मागच्या नोंदींवरून कारवाई नाही. ही मागणी आजच कशी सुचली?"

धनेश पूर्वीकडे बघत होता आणि सबनीसही. तेवढ्यात तुळशीराम उठून उभे राहिले. ते टेबलाशी कधी उभे राहत नसत.

"साहेब, मला वास येत नाय. चार वर्सं झाली."

धनेशच्या तोंडून एक शिवी निसटली, ती कुणी मनावर घेतली नाही.

"तुळशीरामजी, बसा," सबनीस म्हणाले. "हे मी ऐकलं नाही."

त्या चार शब्दांनी पूर्वीच्या डोक्यातली एक गाठ सुटली. ज्याला हे नव्याने कळतं, तो विचारतो: मग सह्या कुणाच्या? ज्याला आधीच ठाऊक असतं, तो म्हणतो, मी ऐकलं नाही. रजिस्टर दरवर्षी युरोपातून येणारे तपासनीस बघतात. दोन नाकांचा नियम पाळला जातो, असं कंपनी आपल्या गिऱ्हाइकांना लिहून देते. या माणसाला तुळशीरामांना काढायचं होतं, पण आपल्या हाताने नव्हे. कामगारांच्याच प्रतिनिधीने आकडे आणून टेबलावर ठेवले असते, तर ते युनियनचं घरचं भांडण झालं असतं आणि कंपनी नामानिराळी राहिली असती.

"सर," पूर्वी म्हणाली, "ऑक्टोबरात तपासणी आहे. रजिस्टर त्यांना दाखवावंच लागतं. त्यात जे आहे ते आम्हाला माहीत होतं आणि कंपनीला माहीत नव्हतं, असं त्यांना वाटेल का?"

ती धमकी होती. तिने आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला धमकी दिली होती, आणि ती लागू पडली नाही तर गिऱ्हाइकं तुटून कारखानाच बंद व्हायला तीच धमकी पुरेशी होती, हेही तिला समजत होतं.

सबनीस फोन घेऊन बाहेर गेले. पाऊण तास कमिटी बसून राहिली. धनेशने एकदाच विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"शनिवारपासून."

"शनिवारी तू केबिनमध्ये चहा प्यायला गेली होतीस ना?"

पूर्वीने हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

सबनीस परत आले ते हसतमुखाने. "मुख्यालय तयार आहे. पाच वर्षं, राखीव यादी नाही, मागचं मागे. फक्त चाचणीचं काम आपल्यातल्याच कुणीतरी करावं, म्हणजे पारदर्शक राहील. करारातल्या लवचिकतेच्या कलमानुसार पहिली बदली आम्ही पूर्वी मॅडमची करतो. लॅबमधून चाचणी कक्षात. श्रेणी तीच, पगार तोच. त्या रजिस्टरची जाण त्यांच्याइतकी कुणाला आहे?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. नाही म्हणायची सोय नव्हती. ‘हे माझं काम नाही’ हे वाक्य बंद करणाऱ्या कागदावर आता तिलाच सही करायची होती. रजिस्टर लॅबमध्ये राहणार होतं आणि ती लॅबमध्ये राहणार नव्हती. तिने सही केली. पर्समधली किल्ली काढून टेबलावर ठेवली, तेव्हा सबनीसांनी तिच्याकडे पाहिलंही नाही, नुसती उचलून खिशात टाकली.

गेट मीटिंगला पाच वर्षांची बातमी सांगितल्यावर टाळ्या जोरात वाजल्या. दुसऱ्या दिवशी मात्र कॅन्टीनमध्ये ती ताट घेऊन बसली, की टेबलावरच्या गप्पा क्रिकेटकडे वळत. पोरीने स्वतःसाठी बसायचं काम मागून घेतलं, तुळशीरामला उघडा पाडला, साहेबाशी आधीच ठरलेलं होतं, असं तिच्या कानावर यायचं, कधी बाथरूममधून, कधी बसच्या मागच्या सीटवरून. तुळशीराम स्टोअरमध्ये गेले. तिथे डबे मोजायचे होते, वास घ्यायचा नव्हता. त्यांच्याबद्दल सगळे हळहळत.

चाचण्या पुढच्या महिन्यात सुरू झाल्या. पहिल्या दिवशी तिसरं नाव गोजराताईंचं होतं. बाहेरच्या बाकावर धनेश आपल्या पाळीची वाट बघत बसला होता. दार उघडंच ठेवायचं, असं पूर्वीने ठरवलं होतं. बंद दाराआड काय चाललंय, असं कुणी म्हणायला नको.

तीन पट्ट्या समोर ठेवायच्या, त्यातली एक वेगळी. वेगळी कुठली ते सांगायचं. पूर्वीने कस्तुरीचा संच आधीच घेतला. वाईट आधी उरकावं, असं तिला वाटलं.

गोजराताईंनी तिन्ही पट्ट्या नाकाला लावल्या, परत लावल्या आणि टेबलावर ठेवल्या. "कोऱ्या हायेत."

"एकीला वास आहे, ताई."

"नाय."

"कस्तुरी आहे. मधली."

"पूर्वी, बावीस वर्सं या नाकावर पोट भरलं मी. मला नको शिकवू. तिन्ही कोऱ्या हायेत."

"काही माणसांना हा एकच वास येत नाही. जन्मापासून. त्यात तुमची चूक नाही. दुसरे सगळे वास तुम्हाला माझ्याहून जास्त येतात."

ताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, बाजारात वजन मारणाऱ्याकडे बघतात तसं. "हे बरं हाय. नसलेला वास हाय म्हनायचं, आनि मला आला नाय म्हनून नापास करायचं. तुळशीदादाला हटवला, आता माजी पाळी काय?"

आकडे पूर्वीकडे होते, नऊपैकी नऊ, पण ते तर तिच्याच हातचे. ज्याला वास येत नाही, त्याला तो आहे हे दाखवायचं कसं? यंत्राचा कागद दाखवला तर यंत्रही तिच्याच लॅबचं. तिने दाराकडे पाहिलं. धनेश उठून आला होता. त्याने मधली पट्टी उचलून हुंगली आणि तोंड वाकडं केलं.

"च्यायला, डोक्यात जाते ही. आहे वास, ताई."

"तुला तिनं आधीच सांगितलं, मधली म्हनून. मी ऐकलं."

"अगं, पण—"

"तुळशीदादाला बोलव."

"त्याला काय डोंबल कळणार? त्याला नाकच नाही."

"नाक नाय, पन माज्याशी खोटं नाय बोलनार तो."

धनेशने स्टोअरमधून तुळशीरामांना आणलं. ते दारातच उभे राहिले. काय झालं ते धनेशने सांगितलं. पूर्वीने मुद्दाम एक शब्द बोलायचा नाही, असं ठरवलं.

तुळशीरामांनी मधली पट्टी हातात घेतली. सवयीने नाकापर्यंत नेली आणि अर्ध्यावरून खाली ठेवली.

"गोजरा, पोरगी खरं सांगते."

"तुला कसं कळलं?"

"कस्तुरीचे घाणे लॅबमधून परत यायचे. दुरुस्तीची चिठ्ठी माज्या हातात यायची, शिफ्टचा मोठा म्हनून. बाकीचे घाणे नाय यायचे, तेच यायचे. तुज्या पाळीलाच यायचे."

"कदीपासून ठाव हाय तुला?"

"तिसऱ्या चिठ्ठीपासून. दोन वर्सं तरी झाली."

"आनि मला नाय सांगितलं?"

तुळशीरामांनी खाली ठेवलेली पट्टी बाकीच्या दोन पट्ट्यांच्या ओळीत सरळ केली. बाहेर ट्रक मागे घेताना त्याचा पीप पीप आवाज येत होता. तो थांबला.

"तुला सांगितलं असतं, तर तू साहेबाकडं गेली असतीस. तुला बाजूला केली असती. मंग माजं नाक कुठनं आनलं असतं मी?"

घणसोलीत विचारलेल्या ‘तिच्यासाठी, की स्वतःसाठी?’ या प्रश्नाचं उत्तर पूर्वीला आज मिळालं होतं. मिळायला नको होतं, असं तिला वाटलं.

गोजराताईंनी पदराने नाक पुसलं, खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि पूर्वीसमोरचा फॉर्म आपल्याकडे वळवून घेतला. कस्तुरीपुढच्या रकान्यात बोट ठेवलं.

"हितं ‘नाय’ लिहायचं?"

"हो."

त्यांनी लिहिलं. मग मान न वळवता म्हणाल्या, "दोघं बी भायेर व्हा. माजी चाचनी चाललीय." आणि दार लागल्यावर पूर्वीला: "पुढच्या तीन काढ. बघते तुजं लिंबू."